परिषदेसाठी पणजीत येताय? फिरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात परिषद म्हटली की शोधनिबंधाच्या मुदतीपेक्षा "संध्याकाळी कुठे जाता येईल" हाच प्रश्न स्थानिक समितीकडे जास्त येतो. तेच ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हाताशी दोन-तीन दिवस आहेत, त्यातही सकाळचा थोडा वेळ, संध्याकाळ आणि नशीब असेल तर एखादी दुपार, असं धरून ती लिहिली आहेत. आठवडाभराच्या सहलीचा बेत इथे सापडणार नाही.

१. परिषद "गोव्यात" आहे असं पत्रात लिहिलंय. म्हणजे पणजीतच ना?

असेलच असं नाही, आणि आधी तपासायची गोष्ट हीच. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि इंटरनॅशनल सेंटर दोनापावलाला, तर गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर. ही ठिकाणं पणजीला लागूनच म्हणायची. बिट्स पिलानीचा परिसर मात्र झुआरीनगरला, वास्कोच्या वाटेवर. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट साखळीच्या बाजूला. कृषी संशोधनाची केंद्रीय संस्था जुन्या गोव्यात, म्हणजे तिथे येणाऱ्यांची चैनच. दक्षिणेतल्या एखाद्या रिसॉर्टमध्ये परिषद असेल तर पणजीला जाण्या-येण्यातच अडीच-तीन तास जातील. अशा वेळी रोज पणजी गाठण्याचा हट्ट सोडून एक पूर्ण दिवस वेगळा काढावा.

२. कुठल्या विमानतळावर किंवा स्टेशनवर उतरावं?

विमानतळ दोन आहेत. जुना दाबोळी आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा. पणजीपासून दाबोळी साधारण २८-३० किलोमीटर, मोपा ३५ च्या आसपास. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून दाबोळीचा रस्ता बराच सुसह्य झाला आहे. मोपाहून पणजीला कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बस आहेत. तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. परतीचं विमान मोपाहून आणि पाहुणे दाबोळीत, असा घोळ दर परिषदेत एकदा तरी होतोच.

रेल्वेने येत असाल तर पणजीला सर्वांत जवळचं स्टेशन करमळी, जुन्या गोव्याला लागून. पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. मांडवी एक्स्प्रेस थांबते. मुंबईची वंदे भारत थिवी आणि मडगावलाच थांबते.

३. शहरात फिरायला काय घ्यावं? ओला-उबर का दिसत नाही?

इथे ती चालत नाहीत. अ‍ॅपवर गाडी हवी असेल तर गोवामाइल्स, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी, आणि तिचं भाडं बसण्याआधी ठरवायचं. एकट्या माणसाला सर्वांत सोयीचा म्हणजे पायलट. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर मागे बसवून तो हव्या त्या दारात सोडतो. बॅग छोटी असेल तर बसस्टँडवरून हॉटेलला जायला याहून सुटसुटीत काही नाही.

दुचाकी भाड्याने घ्यायची तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे कोणाच्या तरी घरची स्कूटर स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी अडवलं की तुमची दुपार गेली. हेल्मेट घालाच.

पणजी ते मडगाव, म्हापसा, वास्को या मार्गांवर कदंबच्या विनाथांबा बस आहेत आणि त्या चांगल्या आहेत. खासगी बस स्वस्त, पण भरल्याशिवाय हलत नाहीत आणि संध्याकाळी आठनंतर विरळ होतात.

४. सत्र साडेनऊला सुरू होतं. सकाळच्या दोन तासांत काय होईल?

बरंच होईल. पणजी मुळात चालण्याजोगी, आणि खरी दिसते ती सकाळीच.

साडेसहाला फोंतेन्हास या जुन्या वस्तीत शिरा. पिवळ्या, निळ्या, गेरू रंगाच्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, दारात सायकल टेकवून पाव वाटणारा पोदेर. दहानंतर याच गल्ल्यांत फोटोवाल्यांची रांग लागते. तिथल्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमध्ये एक क्रूस आहे. तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, राजवाड्यातला. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. चॅपेल बंद असलं तर दार ठोठावू नका, ती प्रार्थनेची जागा आहे. तिथून मळ्यातल्या मारुतीच्या पायऱ्या चढून वर गेलात की कौलांची सगळी उतरण आणि मागे खाडी दिसते.

उतरून चर्च चौकात या. निष्कलंक गर्भधारणेचं हे पांढरं चर्च आणि त्याच्या नागमोडी पायऱ्या तुम्ही फोटोत पाहिल्याच असतील. मूळ चॅपेल १५४१ चं, आजची इमारत १६१९ ची. वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आली आहे (त्या मठाबद्दल प्रश्न ७ पाहा). समोरच्या बागेला गार्सिया द ओर्ता यांचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक या बागेतून सरळ निघून जातात, तेव्हा वाईट वाटतं.

मग एखाद्या जुन्या कॅफेत पाव-भाजी, मिरची भजी आणि चहा. इथली पाव-भाजी मुंबईची नव्हे. पातळ रश्शातली वाटाण्याची किंवा बटाट्याची भाजी येते, काही ठिकाणी दोन्ही मिसळून. नवाला तुम्ही परत नोंदणी कक्षात.

५. आणि संध्याकाळी पाचनंतर?

नदीकाठ धरा. जुन्या सचिवालयापासून सुरुवात करा. हा आदिलशहाचा वाडा. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जुनं गोवं सोडून इथे राहायला आला. वाड्याच्या बाजूला एक पुतळा आहे. पुढे झुकलेला पाद्री, समोर कोसळणारी बाई. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा खुनाचा प्रसंग वाटतो. हे आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेले. संमोहन समोरच्या माणसाच्या मनातल्या सूचनेमुळे घडतं, चुंबकीय शक्तीमुळे नव्हे, असं त्यांनी पॅरिसमध्ये मांडलं. पुतळा १९४५ चा, मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा. मनोविकारतज्ज्ञांची परिषद असली की आम्ही बस मुद्दाम इथे थांबवतो.

पुढे कांपालच्या झाडांखालून चालत कला अकादमी, चार्ल्स कोरिया यांची इमारत. नदी आणि रस्ता यांच्यामध्ये ती इतकी बेतशीर बसली आहे की आत कार्यक्रम नसला तरी ओट्यावर बसावं. वास्तुविशारद असाल तर इथेच संध्याकाळ संपेल. नसाल तर पुढे मिरामार, मांडवी समुद्राला मिळते ती जागा, आणि तिथे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी. सूर्यास्त पाहा, पाण्यात मात्र शिरू नका. मुखापाशी प्रवाह फसवा असतो.

दोनापावलाच्या जेटीबद्दलही सगळे विचारतात. परिषद तिथेच असेल तर जा. त्यासाठी पणजीहून मुद्दाम जाण्यासारखं मला तरी काही वाटत नाही.

६. फेरीबोटीत बाहेरच्यांना बसता येतं का? तिकीट कुठे मिळतं?

बसता येतं. साध्या फेरीबोटीत पायी माणसाकडून पैसे घेत नाहीत, म्हणून तिकीटखिडकी शोधू नका. धक्क्यावर उभे राहा, बोट लागली की उतरणारे उतरू द्या आणि चढा.

तीन फेऱ्या तुमच्या कामाच्या. पणजी–बेती: दहा मिनिटांत पलीकडे, आणि तिथून रेइश मागूशचा किल्ला जवळ. १५५१ चा हा किल्ला बरीच वर्षं तुरुंग होता. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो खुला झाला आणि आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रं आहेत. आग्वादपेक्षा लहान, पण गर्दी कमी आणि पणजीचं सगळ्यात चांगलं दृश्य याच्याच तटावरून. सोमवारी बंद.

रायबंदर–चोडण: पलीकडे उतरलात की लगेचच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, कांदळवनातलं, जेमतेम १.८ चौरस किलोमीटरचं. ऑक्टोबर ते मार्च, पहाटे. आतली होडी भरती-ओहोटी पाहूनच निघते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा.

जुनं गोवं–दिवाडी: हिच्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

७. एकच अर्धा दिवस मोकळा आहे. जुनं गोवं की कळंगुट?

जुनं गोवं. समुद्रकिनारा तुम्हाला अलिबागला, गुहागरला, तारकर्लीलाही मिळेल. हे दुसरीकडे मिळणार नाही. १९८६ पासून इथली चर्चं जागतिक वारसा यादीत आहेत.

बसने जात असाल तर ती रायबंदरमार्गे आहे ना हे विचारा आणि डावीकडची खिडकी धरा. पणजी ते रायबंदर हा रस्ता म्हणजे १६३३-३४ मध्ये बांधलेला लिन्यारिशचा सेतू, जवळजवळ तीन किलोमीटर लांब. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं.

उतरल्यावर सगळे बां जेझुस बासिलिकेत घुसतात. बांधकाम १५९४ ते १६०५. तिचा लालसर जांभा उघडा दिसतो, कारण विसाव्या शतकाच्या मध्यात वरचा गिलावा काढून टाकला. पावसात हा दगड झिजतो, म्हणून गिलावा परत चढवावा की नाही यावर इथे अजून वाद चालू आहे. समोर से कॅथेड्रल. त्याचा एक मनोरा कोसळलेला, उरलेल्यात 'सोन्याची' म्हणून प्रसिद्ध घंटा. पुढे नदीकडे गेलात की व्हाइसरॉयची कमान आणि सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दाराची उरलेली चौकट. कोरीवकाम बघितलंत तर ते देवळाचं वाटेल.

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. तुम्ही दहा मिनिटं चढून सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाकडे जा. ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धाच भाग उभा आहे. छत १८४२ मध्ये कोसळलं. इथल्या उत्खननात २००५ मध्ये जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष मिळाले. तिला १६२४ मध्ये शिराझला धर्म सोडत नाही म्हणून मारलं होतं, आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अस्थी इथे आणल्या होत्या. २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला दिला.

एवढ्या वैभवाच्या शहरात माणसं का उरली नाहीत, हा पुढचा प्रश्न ठरलेला. रोगराईने. पटकी, हिवताप यांच्या साथींनी शहर ओस पडलं आणि राजधानी नदीच्या मुखाकडे सरकली. पणजी अधिकृत राजधानी झाली ती १८४३ मध्ये.

वेळ: साडेतीन तास पुरतात. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे साडेदहानंतरच जा.

८. सेंट झेवियरचं शव खरंच बघायला मिळतं का?

बां जेझुस बासिलिकेत (प्रश्न ७) शवाची चांदीची पेटी रोज दिसते, वर उंचावर. शव जवळून दाखवतात ते साधारण दर दहा वर्षांनी. मागचं शवदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं झालं. हे ख्रिस्ती धर्मप्रसारक झेवियर वारले १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर पेटी ठेवली आहे तो टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला आहे.

मराठी पाहुण्यांना एक गोष्ट सांगितली की ते पेटीकडे वेगळ्या नजरेने पाहतात. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुव्याचं बेट घेतलं आणि जुनं गोवं अगदी टप्प्यात आलं. तेव्हा हतबल झालेल्या व्हाइसरॉयने शवपेटी उघडवून आपला राजदंड झेवियरच्या हातात ठेवला, आता राज्य तुम्हीच राखा म्हणून.

९. शिवाजी महाराजांनी बांधलेलं देऊळ इथे कुठे आहे म्हणतात?

नार्वे इथलं सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत, त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव असे. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. ते पोर्तुगीजांनी पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नेलं गेलं, आणि १६६८ मध्ये महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडे दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं.

वाट मजेची आहे. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. पायी आलेल्यांनी मात्र हा बेत करू नये, बेटावर बस कमी आणि रिक्षा जवळजवळ नाहीच. स्कूटर घ्या (प्लेटचा रंग प्रश्न ३ मध्ये). प्रश्न ७ मधल्या दुपारीलाच हे जोडता येतं, पण मग दोनला निघायला हवं.

१०. मंगेशी, शांतादुर्गा पण करायचं आहे. सोबत आई आहे.

मग टॅक्सी ठरवा आणि सकाळ राखून ठेवा. मंगेशी पणजीहून वीसेक किलोमीटर, कवळ्याची शांतादुर्गा त्याच्याही पुढे, फोंड्याजवळ. दोन्ही दैवतं सोळाव्या शतकात पलीकडच्या गावांतून इकडे हलवलेली, मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून. शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं. मंगेशीची सात मजली दीपमाळ बघायला आईंना पायऱ्या फार चढाव्या लागत नाहीत. पण पार्किंगपासून चालणं आहे.

११. दूधसागर एका दुपारी होतो का?

नाही. कुळेपर्यंत जायलाच दोन तास, मग जीपची रांग, मग जंगलातला रस्ता. पूर्ण दिवस जातो, आणि पावसाळ्यात जीप बंद असतात. परिषदेनंतर एक दिवस जास्त राहणार असाल तरच. पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने येणाऱ्यांना तो डब्यातूनच दिसतो, जागे राहिलात तर.

१२. मांडवीतली क्रूझ आणि कॅसिनो?

क्रूझ म्हणजे तासभर मोठ्या आवाजात गाणी आणि व्यासपीठावर नाच. सहकाऱ्यांसोबत एकदा गंमत म्हणून ठीक. नदीच बघायची असेल तर प्रश्न ६ मधली बेतीची फेरी बरी. कॅसिनोत २१ वर्षांखालील कोणाला घेत नाहीत, गोव्यात राहणाऱ्यांनाही मनाई आहे. तेव्हा तिथली माहिती आमच्याकडे मागू नका.

१३. मासे कुठे खावे? आणि मी शाकाहारी आहे, माझं काय?

दुपारी, थाळी, आणि जिथे सरकारी कचेऱ्यांतली माणसं जेवतात तिथे. भात, माशाची आमटी, किसमूर, तिसऱ्या किंवा सुंगटं (कोळंबी), वर एक रवा लावून तळलेला मासा, सोलकढी. सुरमईला इथे इसवण म्हणतात, पण बांगडा ताजा असेल तर मी तोच घेईन. रात्री थाळी सहसा मिळत नाही.

जून आणि जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत नदी-खाडीचा मासा विचारा, नाहीतर बर्फातला खाल. शाकाहारींची अडचण नाही. खतखतं, तोंडाक, मुगागाठी, अळसांद्याची उसळ. हॉटेलात "शिवराक थाळी" मागा.

१४. परिषद जुलैत आहे. सगळं फुकट का?

उलट. शॅक बंद, समुद्रात उतरायला बंदी, म्हणजे किनारा यादीतून गेलाच. पण खोल्या स्वस्त आणि फोंतेन्हास रिकामं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही इथे असाल तर सत्र बुडवून माशेलला जा. देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. कपडे परत वापरता येणार नाहीत असेच घाला.

१५. सुट्टीचे वार कुठले? काय बंद असतं?

रविवारी पणजीची बाजारपेठ बंद. एक ते चार दुकानांची झोप, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. म्हापशाचा बाजार शुक्रवारी. चवथीच्या दोन-तीन दिवसांत सगळा गोवा घरी असतो आणि खाणावळीही बंद राहतात, तेव्हा आयोजकांकडून जेवणाची खात्री करून घ्या. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सव असतो. त्या आठवड्यात खोली आधी पक्की करा, मग निबंध लिहा.

१६. कपडे, फोटो याबद्दल काही नियम?

चर्च आणि देऊळ दोन्हीकडे खांदे-गुडघे झाकलेले हवेत. परिषदेचे कपडे चालतात. फोंतेन्हासमध्ये राहती घरं आहेत. कोणाच्या पायरीवर बसून, खिडकीला टेकून फोटो काढू नका. "फोटो काढू नये" अशा पाट्या तिथल्या लोकांनी वैतागूनच लावल्या आहेत.

१७. मराठीत बोललं तर चालेल?

चालेल. उत्तर कोंकणीत येईल, ते तुम्हाला कळेल.

१८. परत जाताना दोन बाटल्या नेल्या तर?

गोव्यात विकत घेणं कायदेशीर, महाराष्ट्रात विनापरवाना नेणं गुन्हा. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी बांद्याजवळ इन्सुलीचा तपासणी नाका आहे आणि तिथे परिषदेचा बिल्ला दाखवून सुटका होत नाही. विमान कंपनीचे नियम सामानापुरते. तुम्ही उतरता त्या राज्याचा कायदा तरीही लागू राहतो. उघड्यावर, किनाऱ्यावर पिण्यालाही इथे दंड आहे. भेट न्यायचीच असेल तर काजू, दोदोल किंवा बेबिंका न्या. बेबिंका तुपाची असते, लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवू नका.